आमच्यात म्हाळ घालत नाहीत

हॅलोवीन साजरा न करायला साताऱ्यात किंवा सांगलीत काही धाडस लागत नाही. ३१ ऑक्टोबरला इथला माणूस एक तर दिवाळीच्या गडबडीत असतो, नाहीतर ऊसतोडीच्या टोळीची वाट बघत असतो. भोपळा कोरून त्यात दिवा लावायचं त्याच्या मनातही येत नाही. भोपळा भाजीला लागतो. अमेरिकेत मात्र त्या रात्री दारातला दिवा बंद ठेवणाऱ्या घराकडे शेजारी जरा वळून बघतात, शाळेत मुलाला विचारलं जातं, आणि आईबापांना कारण सांगावं लागतं.

आपल्याकडे हाच प्रश्न येतो, पण तो भाद्रपदात. गणपती पाण्यात गेले, पौर्णिमा सरली की बाजारात, एसटीत, नळावर एकच चौकशी सुरू होते: "तुमचा म्हाळ कधी?" महालय, पितृपक्ष हे शब्द पंचांगात. कृष्णाकाठी म्हणायचं ते म्हाळच. आणि या प्रश्नाला काही घरांतून शांतपणे उत्तर येतं, "आमच्यात म्हाळ घालत नाहीत." विचारणारा क्षणभर गप्प होतो. गेलेल्या माणसाला वर्षातून एकदा जेवू घालायचं नाही, हे त्याच्या पचनी पडत नाही. हॅलोवीनही मुळात मेलेली माणसं परत येण्याचीच रात्र. तिला नको म्हणणारी तिकडची घरं आणि म्हाळाला नको म्हणणारी इकडची घरं यांची कारणं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

आधी म्हाळ काय असतो ते पाहू. भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतचा हा पंधरवडा. माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याचा म्हाळ. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्येला. नवरा हयात असताना गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी, आणि तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवण. पोथीतल्या श्राद्धाला पुरोहित लागतो, दर्भ आणि तीळ लागतात, बाप, आजा आणि पणजा अशा तीन पिढ्यांचे पिंड लागतात. शेतकऱ्याच्या घरातला म्हाळ याहून बराच सुटसुटीत. तिथे सगळा विधी चुलीपाशी घडतो.

पहाटेपासून घरातल्या बाया उभ्या असतात. गवार हवीच, भोपळा हवाच, कारलं, भेंडी, मेथी. आमटी आणि कढी वेगवेगळी. भजी, कुरडई, वडे, खीर, कुठे पुरणाची पोळी. गेलेल्याला जे आवडायचं ते एक पान जास्तीचं. त्यात कधी तंबाखूची पुडी असते, कधी चहाची कपबशी. मग घरातला कर्ता माणूस निवद घेऊन माडीवर किंवा पत्र्यावर जातो आणि कावळ्याला हाका मारतो. कावळा हल्ली लवकर येत नाही. खाली भावकीतली माणसं ताटकळतात, कारण वर घास शिवल्याशिवाय खाली पान वाढत नाहीत. त्यात एकाच दिवशी गावात चार घरचे म्हाळ आले तर जेवायला माणूस मिळत नाही. त्या पंधरवड्यात मंडईत गवारीचा भाव चढतो आणि गाड्यांच्या शोरूममध्ये सामसूम असते, हे दोन्ही इथल्या माणसाला पाठ आहे.

हे सगळं न करणाऱ्या घरांची एक जात नाही, एक धर्म नाही, एक कारणही नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की ही सगळी 'न मानणारी' माणसं. पण त्यांतली बरीच घरं कशाला ना कशाला फार घट्ट मानणारी आहेत, आणि त्यामुळेच म्हाळ घालत नाहीत.

या मुलखातला सर्वांत जुना संघटित नकार सत्यशोधकांचा. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे आजचे सांगलीतले तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते. मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे ही चळवळ एकाच जिल्ह्याची. महात्मा फुल्यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात त्यांनी सत्यशोधक समाज काढला, तेव्हा त्यांचा मुद्दा मेलेल्यांपेक्षा मधल्या माणसाबद्दल होता. देव आणि माणूस यांच्यात दलाल नको, तसाच बाप आणि मुलगा यांच्यातही नको. त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये छापलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त लग्नापासून अंत्यविधीपर्यंतचे प्रसंग पुरोहिताविना कसे पार पाडावेत याचा विचार आहे.

आज हे सोपं वाटतं. त्या काळी गावच्या जोश्याचं वतन असे. तुम्ही त्याला बोलावा, न बोलावा, त्याचा हक्क बुडत नसे; दक्षिणा मिळाली नाही म्हणून तो कोर्टात जाऊ शकत असे. म्हणजे एखादा विधी भटाशिवाय करायचा तर मानहानी वेगळी आणि खर्च वेगळा. सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात हा प्रश्न लावून धरला आणि १९२६ मध्ये कायदा झाल्यावर, न बोलावलेल्या पुरोहिताला पैसे देण्याची सक्ती गेली. सण किंवा विधी न करण्याचं स्वातंत्र्य आपल्याकडे कायद्याने मिळवावं लागलं आहे, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी होती.

सातारा जिल्ह्यात सत्यशोधकी वारं जोरात वाहिलं ते १९१९ च्या सुमाराला. कराड तालुक्यातल्या काले गावी त्याच वर्षी सत्यशोधक परिषदेच्या निमित्ताने भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली. गावोगाव जलसे होत. तमाशाचाच बाज, पण वगात भट, सावकार आणि कुळकर्णी यांची हजेरी घेतलेली. पुढे १९४३ पासून येडेमच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने कमी खर्चाची, हुंडा आणि भट नसलेली लग्नं लावली. या सगळ्याचा धांडोळा घेणारं 'कल्चरल रिव्होल्ट इन अ कलोनियल सोसायटी' हे पुस्तक १९७६ मध्ये लिहिणाऱ्या गेल ऑम्व्हेट मूळच्या अमेरिकेच्या. त्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या होऊन राहिल्या आणि २०२१ मध्ये तिथेच गेल्या.

आता खरं बोलायचं तर या चळवळीने घरातून भट जितका घालवला तितका म्हाळ घालवला नाही. आजही असंख्य मराठा-कुणबी घरांत म्हाळाला पुरोहित नसतो, पण निवद असतो, कावळा असतो, पानं असतात. काही मोजक्या घरांनी मात्र दुसरं पाऊल टाकलं. भट गेल्यावर उरलं काय, तर जेवण. मग ते जेवण मेलेल्याच्या नावाने कशाला, असं त्यांनी विचारलं. अशा घरांत आजोबांची पुण्यतिथी तारखेने होते. फोटोला हार, आणि शाळेला वह्या किंवा पाच-पंचवीस पुस्तकं. तिथीवरून तारखेवर येणं ही किरकोळ बाब नाही. तारीख कॅलेंडरवर कुणालाही दिसते; तिथी सांगायला कुणीतरी लागतो.

हा प्रश्न भारतात फुल्यांच्याही कितीतरी आधीचा आहे. माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात 'सर्वदर्शनसंग्रहा'त चार्वाकांचं म्हणणं नोंदवलं आहे, ते कुणालाही पटावं असं: इथे वाढलेलं अन्न मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला बांधावी? घरी बसून त्याच्या नावाने जेवलं की झालं. संतांनी यापेक्षा वेगळी वाट काढली. पैठणला एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक ब्राह्मणांच्या आधी भुकेल्या अस्पृश्यांना वाढला, ब्राह्मणांनी बहिष्कार घातला आणि मग पितर स्वतः येऊन जेवले, ही कथा 'भक्तिविजया'मुळे महाराष्ट्रभर पोचली. कथेत श्राद्ध मोडलेलं नाही, पान कुणाला वाढायचं एवढंच बदललं आहे. तरी त्याचीही केवढी किंमत पडली बघा.

पान कुणाला वाढायचं, या प्रश्नाची दुसरी बाजू ज्यांनी भोगली त्यांचा नकार सर्वांत ठाम आहे. सातारा-सांगलीतल्या बौद्ध वस्तीत म्हाळाची चौकशी करायला कुणी जात नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्धपक्ष न करण्याची आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा स्पष्ट आहे. मोघम 'अंधश्रद्धा सोडा' असं न म्हणता विधीचं नाव घेऊन दिलेला हा नकार आहे. पण प्रतिज्ञा वरून आली म्हणून तो टिकला, असं मला वाटत नाही. गावगाड्यात मरणाशी जोडलेली कामं महाराच्या वाट्याला होती: मयताची बातमी घेऊन परगावी धावत जायचं, सरणाला लाकडं आणायची, प्रेतावरचं कापड घ्यायचं. आणि म्हाळ, बारसं, लग्न, काहीही असो, पंगती उठल्यावर उरलेलं सुरलेलं महारवाड्यात सगळ्यांत शेवटी पोचायचं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी शिळंउष्टं मागून खाणं सोडा असं सांगितलं, ते याच ताटाबद्दल. ज्या घराने दुसऱ्यांच्या पितरांच्या जेवणातलं शेवटचं उरलेलं पिढ्यान् पिढ्या खाल्लं, त्या घराला आता स्वतःचा म्हाळ घालण्यात काय गोडी वाटणार? पितर जेवतात की नाही, हा वाद त्या घरात फारसा होतच नाही.

बाबासाहेबांचं साताऱ्याशी नातं तर मरणाचंही आहे. त्यांच्या लहानपणी, १८९६ मध्ये, आई भीमाबाई साताऱ्यातच गेल्या आणि त्यांची समाधी साताऱ्यात आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला ज्या सरकारी शाळेत छोट्या भीमाचं नाव दाखल झालं, ती आजची प्रतापसिंह हायस्कूल. तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आईच्या समाधीपाशी लोक जातात, फुलं वाहतात. पिंड कुणी ठेवत नाही.

म्हाळाचा पंधरवडा या वस्त्यांत मोकळा जातो असंही नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो, आणि भाद्रपदाचा वद्य पक्ष त्यातच येतो. संध्याकाळी जेवणं आटोपली की विहारात सतरंज्या पडतात. बाया पांढऱ्या साड्या नेसून येतात, पोरं पुढे बसतात. एखादी कॉलेजात जाणारी मुलगी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडते आणि काल जिथे खूण घातली होती तिथून वाचायला लागते. मध्येच एखादी आजी "जरा मोठ्यांदा वाच गं" म्हणते. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याच वेळी उद्याच्या म्हाळाची डाळ भिजत पडलेली असते. घरात कुणी गेलं तर पुण्यानुमोदन होतं: वंदना, त्रिशरण, पंचशील, गेलेल्या माणसाबद्दल चार माणसं बोलतात, मग जेवण. आणि ६ डिसेंबरला याच वस्त्यांतून दादरच्या चैत्यभूमीकडे माणसं निघतात, रात्रभर रांगेत उभी राहतात. मेलेल्यांना विसरण्याचा आरोप ज्यांच्यावर होतो, त्यांच्याइतकी मोठी आठवण महाराष्ट्रात दुसरं कुणी काढत नसेल.

सांगलीकडे येताना आणखी दोन नकार लागतात, आणि ते शास्त्रातले आहेत. या भागातला जैन समाज मोठ्या प्रमाणावर शेतकरी. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचं कार्यालय सांगलीतच आहे. कर्मवीर भाऊराव स्वतः जन्माने दिगंबर जैन, मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. जैन दर्शनात पितरांना जागाच नाही. आत्मा एक देह सोडतो आणि काही समयांतच दुसरा धारण करतो. समय म्हणजे काळाचा सर्वांत लहान तुकडा. वाट बघत घुटमळणारा बाप तिथे कुठून असणार? शिवाय ज्याचं कर्म त्यालाच भोगायचं, एकाने जेवून दुसऱ्याचं पोट भरत नाही. भाद्रपदात दशलक्षण पर्व संपतं आणि वद्य प्रतिपदेला, म्हणजे पितृपक्ष लागतो त्याच दिवशी, दिगंबर जैन क्षमावणी पाळतात. वर्षभरात दुखावलं असेल तर जिवंत माणसांची क्षमा मागायची. शेजारच्या घरात त्याच दिवशी मेलेल्यांना बोलावणं जातं. मला हा योगायोग फार आवडतो.

लिंगायतांचंही तसंच. बाराव्या शतकात बसवण्णांनी मांडलेल्या विचारात इष्टलिंग गळ्यात असलेला माणूस मरतो तो लिंगैक्य होतो. मूळ शिवतत्त्वात मिसळलेल्याला पिंड कुणी आणि कुठे द्यायचा? अर्थात सांगितलेलं आणि चाललेलं यांत अंतर आहे. जत-मिरजेकडे, तासगावकडे कितीतरी जैन आणि लिंगायत घरांत पितरांच्या नावाने जेवण होतं. विचारलं तर सांगतात, गावाबरोबर चालावं लागतं. शेजारी दहा घरांत जेवून आल्यावर आपण एकदाही बोलावलं नाही तर बरं दिसत नाही. म्हाळ टिकला आहे तो बराचसा या परतफेडीवर. पितरांचं देणं कधी फिटतं कुणाला ठाऊक. भावकीचं मात्र त्याच पंधरवड्यात फेडावं लागतं.

मुसलमान मोहल्ल्यातही अगदी असाच वाद आहे, हे बाहेर फारसं माहीत नसतं. शाबान महिन्यात शब-ए-बरातच्या रात्री कितीतरी घरांत हलवा होतो, गेलेल्यांच्या नावाने फातिहा होते, कब्रस्तानात दिवे लागतात. आणि त्याच गल्लीत काही घरं हलवा करत नाहीत. त्यांचं म्हणणं, दुआ करा, कबरीवर जा, पण ठरावीक रात्री ठरावीक पदार्थ करायला धर्माने सांगितलेलं नाही. कर्मठपणामुळे सण कमी होतो तो असा.

मिरजेतली प्रोटेस्टंट ख्रिस्ती घरं याच रांगेत येतात आणि तिथून थेट हॅलोवीनशी धागा जुळतो. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ उभारलं, ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे. या पंथाच्या सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर श्रद्धानिवेदनात मृतांसाठी प्रार्थना करू नये असं साफ लिहिलेलं आहे. त्याचं कारण असं. कॅथलिक परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा, आणि ३१ ऑक्टोबर ही संतदिनाची आदली संध्याकाळ. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या सॅमहेन सणाची, उन्हाळा संपून अंधाराचे दिवस लागण्याची, भुताखेतांची समजूत तिला चिकटली. मेलेले लोक शुद्ध होण्यासाठी मधल्या एका ठिकाणी खोळंबलेले असतात आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्यांची सुटका लवकर होते, अशी श्रद्धा होती; म्हणून गरीब माणसं आणि मुलं दारोदार जाऊन मृतात्म्यांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात खास भाजलेले केक घेत. आजच्या चॉकलेट मागत फिरणाऱ्या मुलांशी या चालीचं नातं अनेक अभ्यासक जोडतात. १५१७ मध्ये ल्यूथरने वाद सुरू केला, तोही ३१ ऑक्टोबरलाच. पुढे सुधारकांनी ते मधलं ठिकाणच नाकारलं. वाट बघणारं कुणी उरलं नाही, तेव्हा केक कुणासाठी? जैनांनी जी गोष्ट आत्म्याच्या वेगावरून सांगितली, ती इथे बायबलवरून निघाली.

आणि तिकडेही सांगितलेलं आणि चाललेलं यांत अंतर होतंच. स्कॉटलंडचं चर्च प्रेस्बिटेरियन, तरी खेड्यांत हॅलोवीनचे खेळ चालूच राहिले. अमेरिकेत प्युरिटनांनी तर नाताळसुद्धा बंद केला होता. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळला तर दंड होता. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर हॅलोवीन गेला आणि विसाव्या शतकात तो मिठाईचा आणि मुखवट्यांचा बाजार झाला. आज तो न पाळणाऱ्यांत कडवे ख्रिस्ती आहेत, त्यांना भुतांशी खेळ नको. यहोवाचे साक्षीदार आहेत, सनातनी ज्यू आहेत, बरीच मुसलमान कुटुंबं आहेत. काही चर्चं त्याच संध्याकाळी सुगीचा मेळा भरवतात, म्हणजे मुलांचा खाऊ बुडत नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी आईबापांचा प्रश्न आणखी मजेदार. सप्टेंबरात सर्वपित्री चुकते, कारण सुट्टी नाही आणि कावळा कुठून आणायचा. ऑक्टोबरात मात्र मुलाला हाडाच्या सापळ्याचा पोशाख घालून दारोदार न्यावं लागतं. मुलाने विचारलं की आपल्याकडे मेलेले कधी येतात, तर काय सांगावं?

भूतच नाही, म्हणून काहीच नको, असं म्हणणारी घरंही साताऱ्यात आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जन्म साताऱ्यात, १ नोव्हेंबर १९४५ चा. हॅलोवीनची रात्र सरल्यानंतरच्या सकाळचा, असं गमतीने म्हणता येईल. शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, कार्यक्षेत्र सातारा. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. समितीचे कार्यकर्ते अमावास्येच्या रात्री मुलांना स्मशानात फिरवून आणतात. हॅलोवीनमध्ये भीती लटकी असते, इथे ती खरी असते आणि ती घालवायची असते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. देहदानाची त्यांची इच्छा होती, पण शवविच्छेदनामुळे ते जमलं नाही. साताऱ्यात कोणताही धार्मिक विधी न करता दहन झालं, अग्नी मुलीने दिला आणि राख शेतात पसरली.

माझ्या मते या सगळ्या कारणांत विवेकवाद्याचं कारण कागदावर सर्वांत भक्कम आणि स्वयंपाकघरात सर्वांत दुबळं. बौद्ध घराच्या मागे विहार आहे, जैनाच्या मागे बस्ती आहे, चार माणसं बरोबर आहेत. एकटा कार्यकर्ता 'मी मानत नाही' म्हणतो तेव्हा त्याच्या मागे फक्त त्याची बायको असते, आणि तीही दुसऱ्या घरातून आलेली. म्हाळवाल्या घरातली मुलगी म्हाळ न घालणाऱ्या घरात सून आली की पहिल्या भाद्रपदात तिची तगमग होते. "आत्ती, आपल्यात काहीच करायचं न्हाई?" "न्हाई." "मग मामांस्नी?" सासू सांगते, "जिवंत होते तवर रोज वाढलं की." उलट बाजूने आलेल्या मुलीची अडचण वेगळी: तिला गवारीची भाजी येते, पण कढीशेजारी कोणत्या हाताला भजी वाढायची आणि कुणाच्या नावाने पाणी सोडायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. आजारपण आलं, म्हैस आटली, पोराचं लग्न लांबलं की बोलणारे असतातच: पितर अडलेत. हे बोलणं ऐकून घेण्याची ताकद घरातल्या बाईत किती, त्यावर पुरुषाचा विवेकवाद किती वर्षं टिकतो हे ठरतं.

गंमत म्हणजे आता म्हाळ घालणारेही विज्ञानाचा आधार शोधायला लागले आहेत. दर भाद्रपदात मोबाइलवर एक मजकूर फिरतो: कावळ्याची वीण याच महिन्यात होते, पिलांना पौष्टिक खाणं मिळावं म्हणून ऋषींनी श्राद्ध सांगितलं, आणि वड-पिंपळाचं बी कावळ्याच्या पोटातून गेल्याशिवाय रुजत नाही. आपल्याकडचा गावकावळा घरटी करतो ती उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर. भाद्रपदापर्यंत पिलं उडून गेलेली असतात. वडाची फळं साळुंकी, बुलबुल, तांबट, हरियल, वटवाघूळ असे कितीतरी जण खातात आणि बी पसरवतात. बापाची आठवण येते म्हणून घास ठेवतो, एवढं सांगितलं तर त्यावर कुणी वाद घालत नाही. खोटं विज्ञान जोडलं की घालावा लागतो.

दोन्ही बाजूंच्या मधे एक तिसरी चाल बसत चालली आहे, आणि ती वारकरी घरांतून आली. वर्षश्राद्धाच्या जागी पत्रिका निघते 'प्रथम पुण्यस्मरण' अशी. सकाळी दहाला कीर्तन, बाराच्या ठोक्याला फोटोवर फुलं, मग जेवण. त्या मांडवात म्हाळ घालणारा आणि न घालणारा एकाच पंगतीला बसतो. राखेचंही तसंच. कृष्णेत सोडण्याऐवजी शेतात खड्डा घ्यायचा, त्यात राख टाकायची आणि झाड लावायचं, असं करणारी घरं दोन्ही जिल्ह्यांत वाढत आहेत, आणि त्यांत म्हाळ घालणारेही आहेत. रोप कोणतं लावायचं यावर मात्र भावकीत चर्चा होते. आंबा, नारळ, फारतर जांभूळ. वड कुणीच लावत नाही; बांधावर वड आला की दोन्ही बाजूंची चार-चार सरी ऊस सावलीत जातो.